सबसॉनिक काडतुसं: डबीवर लिहिलेलं आणि नळीतून निघणारं

गारठलेला_नेम (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

परवाना, अर्ज, वाट पाहणं सगळं पार पडून एकदाचा सप्रेसर, म्हणजे नळीच्या तोंडाला लावायचा आवाज दाबणारा डबा, रायफलीवर चढला. रायफल साधीच. .२२ एलआर हे छोटं काडतूस, बोल्ट अ‍ॅक्शन (प्रत्येक गोळीला बोल्ट हाताने ओढायचा), नळी १६ इंची. आजवर काडतुसं घेताना आवाजाचा विचार कधी केलाच नव्हता. हाताला येतील ती घ्यायची, कागदाला भोकं पाडायची, घरी यायचं.

परवा सकाळी सातला रेंजवर पोचलो तेव्हा गवतावर दहिवर पांढरं दिसत होतं. पहिली गोळी सोडली आणि स्वतःशीच हसलो. चापाची टिचकी ऐकू आली हो! मागोमाग एक दबका 'फट्' आणि मग गोळी मातीच्या बांधात घुसल्याचा 'थप्प'. दुसरी सोडली तर चट्ट! ओला चाबूक फटकारावा तसा आवाज, आणि तोही नळीपाशी नाही, उजवीकडच्या झाडीतून आल्यासारखा. तिसरी पुन्हा शांत. चौथी, पाचवी चट्ट. सप्रेसर ढिला झाला की काय म्हणून काढून पाहिला, नीट होता. वैतागून बाकीची कामं उरकली आणि दुपारी बाराला त्याच डबीतली दहा काडतुसं झाडली. एकही कडाडलं नाही.

तर प्रश्न दोन. हा काय प्रकार? आणि शांत नेमबाजीसाठी सबसॉनिक, म्हणजे ध्वनीपेक्षा हळू गोळीची काडतुसं निवडायची तर नेमकं काय पाहायचं? पुढेमागे .३०० ब्लॅकआउट या काडतुसाची रायफल घ्यायचाही विचार आहे, त्याबद्दलही लिहा.

आडाखे

डबीवर 'सबसॉनिक' असं छापलंय का? वेग काय दिलाय? आणि सकाळी तापमान किती होतं?

गारठलेला_नेम

डबीवर 'स्टँडर्ड व्हेलॉसिटी' आहे. गोळीचं वजन ४० ग्रेन, वेग ३२६ मीटर प्रति सेकंद. सकाळी २ अंश, दुपारी १८. ३२६ म्हणजे ध्वनीपेक्षा कमीच ना? शाळेत ३४३ शिकलो होतो.

आडाखे

तुमचं उत्तर तुम्हीच दिलंत. शाळेतलं ३४३ हे २० अंशांचं. हवेतला ध्वनीचा वेग तापमानावर ठरतो. शून्य अंशाला साधारण ३३१, आणि पुढे दर अंशाला सुमारे ०.६ ची भर. म्हणजे सकाळी तुमच्याकडे ध्वनी ३३२ ने पळत होता आणि दुपारी ३४२ ने.

आता डबीवरचे ३२६ घ्या. ती कारखान्याच्या चाचणी नळीतली सरासरी आहे. तुमची नळी वेगळी, आणि सरासरी म्हटली की काही गोळ्या तिच्या वर, काही खाली. एकाच डबीतल्या दोन काडतुसांत दहा-पंधरा मी./से.चा फरक पडणं .२२ मध्ये काही नवल नाही. त्यातली जी गोळी ३३२ ओलांडते ती कडाडते. दुपारी तीच गोळी तेवढ्याच वेगाने गेली, पण ध्वनीचं कुंपण दहा मी./से.ने वर सरकलं होतं. थंडीत काडतुसातली दारूही जराशी मंद जळते, पण तुमच्या बाबतीत तेवढ्याने भागलं नाही.

आणखी एक खोच आहे. गोळी ध्वनीच्या किंचित खाली असली तरी तिच्या खांद्यावरून वाहणारी हवा जागोजागी ध्वनीला गाठतेच. अगदी काठावरची गोळी म्हणूनच पूर्ण गप्प नसते. चांगली सबसॉनिक काडतुसं ३२० च्या आसपास किंवा त्याखाली ठेवतात ती यासाठी. तुमचं 'स्टँडर्ड' काही वाईट नाही. ते नेमबाजीच्या स्पर्धांची सोय पाहून केलेलं काडतूस आहे, तुमच्या दहिवराची नव्हे.

आवाज झाडीतून आल्यासारखा वाटला, तेही बरोबर. नळीतून सुटलेल्या वायूंचा धमाका सप्रेसर गिळतो. पण गोळी ध्वनीला मागे टाकून गेली की कडाका तिच्या वाटेवर सगळीकडे निर्माण होतो, आणि तो नळीपासून लांब, पुढे. तिथे सप्रेसर काय करणार? तो कडाका पुढे आणि बाजूला पसरतो. मागे बसलेल्या तुमच्यापर्यंत पोचतो तो झाडांवर, भिंतीवर आपटून. उघड्या माळावर हीच गोळी झाडली असती तर तुम्हाला ती जवळजवळ शांत वाटली असती, आणि वाटेशेजारी उभा असलेला मात्र दचकला असता.

(अवांतर: गोळीभोवतीच्या या धक्कालहरींचे फोटो माख आणि साल्चर यांनी १८८७ साली प्रसिद्ध केले. .२२ एलआर काडतूसही त्याच वर्षीचं. योगायोग, पण मला आवडतो.)

उगाच_विचारतो

म्हणजे सिनेमात 'फ्युप्' असा आवाज येतो तो सबसॉनिकने येतो का?

जुनी_नळी

नाही रे बाबा. सप्रेसर ढोबळमानाने २० ते ३५ डेसिबल कमी करतो. मोठ्या काडतुसाची रायफल १६० च्या वर जाते, तिथून ३० वजा केले तरी हातोडा आपटल्याइतका आवाज उरतोच. .२२ ची लांब नळी आणि सबसॉनिक काडतूस ही जोडी मात्र खरंच गोड. तिथे बोल्टची खटखट आणि गोळी आपटल्याचा आवाजच जास्त जाणवतो, धागाकर्त्याने लिहिलंय तसं.

रायफलीवरचा हा डबा हायरम पर्सी मॅक्सिम याने १९०९ साली पेटंट केला. मशीनगनवाल्या मॅक्सिमचा हा मुलगा. मोटारींच्या धुराड्यांचा आवाज दाबण्याचं कामही त्याने केलं. तत्त्व तेच आहे, तापलेल्या वायूला एकदम बाहेर फेकायचं नाही, आडवळणाने फिरवून, थंड करून सोडायचं.

आणखी एक. थंड सप्रेसरमधून पहिली गोळी बाकीच्यांपेक्षा मोठ्याने वाजते. आत हवा भरलेली असते, तिच्यातल्या प्राणवायूवर उरलेले वायू पेटतात. पुढच्या गोळ्यांना आत जळायला फारसं काही उरत नाही. त्यामुळे एका गोळीवरून काडतुसाची परीक्षा करू नका.

दहा_पॉइंट_नऊ

५० मीटर प्रोनची (पालथं पडून झाडायच्या स्पर्धेची) नेमबाज आहे, सप्रेसर वापरत नाही, पण स्टँडर्ड व्हेलॉसिटीतच आयुष्य गेलं म्हणून लिहिते.

आमच्याकडे हाय व्हेलॉसिटी, म्हणजे ३७५-३८० वाली काडतुसं कुणी हातात धरत नाही. त्याला आवाज हे कारण नाही, गटाचा आकार, म्हणजे गोळ्या कागदावर किती जवळजवळ लागतात, हे आहे. ती गोळी ध्वनीच्या वरून निघते आणि वाटेत खाली उतरते. हा उंबरा ओलांडताना तिला हादरे बसतात. मुळातच खालून निघालेल्या गोळीला हा उंबराच नाही.

आणि वाऱ्याची गंमत माहीत आहे का? नवीन मुलांना सांगितलं तर पटत नाही. आडव्या वाऱ्यात जलद .२२ गोळी हळू गोळीपेक्षा जास्त वाहवते! वारा गोळीला किती ढकलेल हे नुसत्या प्रवासाच्या वेळेवर ठरत नाही. निर्वात पोकळीत तेच अंतर कापायला जो वेळ लागला असता त्यापेक्षा किती उशीर झाला, यावर ठरतं. ध्वनीच्या जवळपास हवेचा अडथळा एकदम वाढतो, जलद गोळी तिथे वेग उधळते, उशीर वाढतो. तेव्हा सबसॉनिक घेऊन तुम्ही शांततेसाठी काही गमावताय असं निदान .२२ मध्ये तरी समजू नका.

निवडीबद्दल माझं म्हणणं एवढंच की ब्रँडवरून भांडू नका. चार-पाच प्रकारांची एकेक डबी आणा, आपल्याच नळीतून ५० मीटरवर पाच-पाचचे गट मारा. जे जमेल त्याच्या डबीवरचा लॉट नंबर (कारखान्यातल्या खेपेचा क्रमांक) पाहा आणि त्याच लॉटचा साठा करा. शेजारच्या टेबलावरच्या रायफलीला जे आवडतं ते तुमच्या रायफलीला आवडेलच असं नाही. माझ्या दोन रायफली एकाच कंपनीच्या, दोघींच्या आवडी वेगळ्या. सख्ख्या बहिणींसारख्या.

पीळदार

ताईंना +१. पण एका गोष्टीबद्दल कुणीच बोललं नाही, नळीतला पीळ.

गोळी जड केली की ती लांब होते. लांब गोळी हवेत सरळ राहायला जास्त गिरकी हवी, म्हणजे नळीतल्या खाचांना जास्त पीळ हवा. ग्रीनहिल नावाच्या गणितज्ञाने १८७९ साली याचं सूत्र मांडलं. व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणा, गोळीच्या लांबीने भागा, किती इंचात एक फेरा हवा ते कळतं. आज याहून चांगली सूत्रं आहेत, पण पाठ्यपुस्तक न उघडता पटकन अंदाज घ्यायला हे पुरतं.

.२२ च्या बहुतेक नळ्यांत १६ इंचांत एक फेरा असतो. तो ४० ग्रेनच्या गोळीसाठी. बाजारात ६० ग्रेनची सबसॉनिक .२२ काडतुसं मिळतात. २९० च्या आसपास वेग, ऐकायला मस्त, जड म्हणून मोहक. मीही आणली. २५ मीटरवर कागदावर भोकं गोल नव्हती, किल्लीच्या भोकासारखी लांबोडकी होती. म्हणजे गोळी आडवी होऊन कागदातून गेलेली. ते पाहूनही मी शहाणा झालो नाही. 'जवळून तर लागतंय' म्हणत सप्रेसर चढवला. तिसऱ्या गोळीला वेगळाच 'टंग' आवाज आला. उघडून पाहिलं तर सप्रेसरच्या आतल्या शेवटच्या दोन पडद्यांची भोकं अर्धचंद्र झालेली आणि पुढच्या झाकणाला चकचकीत ओरखडा. चूक माझीच, काडतुसाची नाही.

तेव्हा नवीन काडतूस आधी सप्रेसर काढून कागदावर झाडायचं. भोकं स्वच्छ गोल असली तरच डबा चढवायचा. चढवताना आटे पूर्ण बसलेत का आणि डबा नळीच्या सरळ रेषेत आहे का हेही पाहायचं.

काठावरची_चिमणी

वाचतोय. वाचनखूण साठवली आहे.

अर्धे_काडतूस

.३०० ब्लॅकआउटबद्दल मी लिहितो.

तो जन्मालाच या कामासाठी आला. १९९० च्या दशकात .३०० व्हिस्पर नावाचं काडतूस होतं, त्याच विचारावर अ‍ॅडव्हान्स्ड आर्मामेंट कॉर्पोरेशनने हे आखलं आणि २०११ च्या जानेवारीत अमेरिकेच्या सामी या प्रमाण ठरवणाऱ्या संस्थेने ते मान्य केलं. गोळी ७.६२ मिमीची, पण कवच छोटं. सबसॉनिकमध्ये छोटं कवच फार महत्त्वाचं. मोठ्या .३०८ च्या कवचात थोडी दारू घातली की ती आत इकडून तिकडे लोळते. नळी वर करून मग झाडलं तर एक वेग, खाली करून झाडलं तर दुसरा. छोट्या कवचात दारूला लोळायला जागा कमी, म्हणून वेग एकसारखा.

वेग वाढवता येत नाही, मग जोर आणायचा कुठून? वजनातून. ४० ग्रेनची .२२ गोळी ३२० मी./से.ने जाते तेव्हा ऊर्जा साधारण १३० ज्यूल. २२० ग्रेनची, म्हणजे सव्वाचौदा ग्रॅमची ब्लॅकआउट गोळी ३०५ ने जाते तेव्हा ६६० च्या आसपास. त्याच ब्लॅकआउटची १२५ ग्रेनची सुपरसॉनिक गोळी १८०० च्या घरात जाते. सबसॉनिकमध्ये काय सोडून द्यावं लागतं ते यावरून दिसेल. सोव्हिएत लोकांनी हाच रस्ता धरून ९×३९ मिमी केलं. गोळी सुमारे १६ ग्रॅम, वेग २९० च्या आसपास. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश डी लिझल कार्बाइन तर .४५ एसीपी हे पिस्तुलाचंच काडतूस वापरायची. ते मुळातच २५० च्या आसपास जाणारं, त्याला मुद्दाम हळू करायची गरजच नाही. वर बोल्ट अ‍ॅक्शन, म्हणजे यंत्राची खडखडही नाही.

पीळ ७ किंवा ८ इंचांत एक फेरा असा घ्या. २२० ग्रेनची गोळी दीड इंचाच्या आसपास लांब असते.

घसरगुंडीची तयारी ठेवा. सबसॉनिक ब्लॅकआउट १०० मीटरवर नेम जुळवून २०० वर झाडली तर गोळी मीटरभर खाली जाते. अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम गेला. शिकारीचा विचार असेल तर सुपरसॉनिकसाठी केलेली गोळी या वेगाला उमलत नाही, आरपार भोक पाडून जाते आणि जनावर जखमी होऊन भटकतं. त्यासाठी कमी वेगाला उमलणारी गोळीच हवी, आणि अंतर जवळचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ / ५.५६ च्या मॅगझिनमध्ये बसतं आणि काही गोळ्यांच्या बाबतीत .२२३ च्या चेंबरमध्येही (नळीतली काडतूस बसायची जागा) शिरतं. झाडलं तर ७.६२ ची गोळी ५.५६ च्या नळीत जाऊ पाहते आणि रायफल हातात फुटते. घरात दोन्ही असतील तर मॅगझिनचे रंग वेगळे ठेवा आणि एका वेळी एकच प्रकार रेंजवर न्या. मी तर पिशव्याही वेगळ्या केल्यात. बायको म्हणते लग्नाच्या आहेरासारख्या चिठ्ठ्या लावतोस.

उगाच_विचारतो

भारी माहिती. मग जलद काडतुसातली थोडी दारू काढून घरीच सबसॉनिक करता येईल ना? पैसे वाचतील.

जुनी_नळी

नाही. यावर चर्चाही नको.

दारू कमी पडली तर गोळी नळीत अडकून बसते. सप्रेसर असेल तर 'फट्' इतका बारीक येतो की ती अडकल्याचं कळतही नाही, आणि पुढचं काडतूस तिच्यावर जाऊन आदळतं. काही दारूंचं प्रमाण फार घटवलं तर दाब कमी होण्याऐवजी बेभरवशी होतो. कारखान्यात सबसॉनिक करताना दारूचीच जात बदलतात, नुसता चमचा लहान करत नाहीत. आवाज विचित्र आला किंवा कागदावर भोक दिसलं नाही, तर थांबा, रायफल रिकामी करा, बोल्ट काढा, नळीतून उजेड पाहा. मगच पुढे.

वाटसरू_७२

माझी .२२ सेमी-ऑटो आहे, म्हणजे झाडल्यावर कवच आपोआप फेकून पुढचं काडतूस भरणारी. सबसॉनिक घातलं की रिकामं कवच अर्धवट अडकतं.

आडाखे

त्या यंत्राला ढकलायला पुरेसा जोर मिळत नाही. २१५ च्या आसपास जाणारी अतिशय मंद .२२ काडतुसंही मिळतात, ती तर सेमी-ऑटोत जवळजवळ चालतच नाहीत. प्रत्येक वेळी हाताने बोल्ट ओढावा लागतो. ३२० वाली ४० ग्रेन घेऊन पाहा. आधी रायफल साफ करा, बऱ्याचदा अर्धं दुखणं मेण आणि काजळीचं असतं. ब्लॅकआउट सेमी-ऑटो घेणार असाल तर गॅसचं छिद्र नळीत मागे, पिस्तुलाच्या मापाचं असलेली घ्या, म्हणजे सबसॉनिकवरही चालते. शिवाय सेमी-ऑटोत सप्रेसर चढवला की वायू मागे फिरून तोंडावर येतात. चष्मा लावाच.

नळीच्या लांबीबद्दलही एक. .२२ ची दारू साधारण १६ इंचांतच जळून संपते. पुढची नळी गोळीला जोर देत नाही, उलट घर्षणाने थोडी अडवते. लांब नळीतून तोंडाशी येईस्तोवर वायूंचा दाब उतरलेला असतो, म्हणून आवाजही नरम.

दहा_पॉइंट_नऊ

दोन गोष्टी राहिल्या.

'शांत आहे' म्हणून कानाचं संरक्षण काढू नका. रेंजवर शेजारचा काय झाडतोय ते तुमच्या हातात नसतं. आणि मंद, जड, शिशाची गोळी कठीण जागी आपटली की फुटत नाही, उसळते. बांध मऊ मातीचाच हवा, दगड वेचलेला.

दुसरं, .२२ चे सप्रेसर शिशाने भरतात. उघडून साफ करता येणाराच घ्या. हातमोजे घाला, कोरडं खरवडून धूळ उडवू नका. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून ठेवायचा एक नुस्खा फिरतो. त्यात शिसं विरघळून लेड अ‍ॅसिटेट होतं. ते विषारी, कातडीतूनही शरीरात जातं, आणि ओतायचं कुठे हाही प्रश्न उरतोच. डबा अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर तोही खराब होतो.

गारठलेला_नेम

सगळ्यांचे आभार. मित्राचा क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) मागून आणला आणि आज पुन्हा पहाटे गेलो. तापमान ३ अंश.

आधी पीळदार भाऊंनी सांगितलं तसं डबा काढून कागदावर. तिन्ही प्रकारांची भोकं गोल. मग दहा-दहा मोजली.

जुनी 'स्टँडर्ड': डबीवर ३२६, माझ्या नळीतून सरासरी ३३१, सगळ्यात जलद ३४०. दहातल्या चार कडाडल्या. आडाखेंचं गणित बरोबर निघालं.

'सबसॉनिक' छापलेली ४० ग्रेन: डबीवर ३२०, माझ्याकडे सरासरी ३१५, सगळ्यात जलद ३२१. एकही कडाका नाही. गटही बरा, ५० मीटरवर नाण्याखाली झाकला जाईल इतका. आता हीच घेणार, लॉट नंबर लिहून ठेवलाय. १०० मीटरवर मात्र ती ५० च्या नेमापेक्षा वीत-सव्वावीत खाली लागली. दुर्बिणीवर किती टिचक्या द्यायच्या ते वहीत लिहिलंय.

तिसरी, अतिमंद २१६ वाली: खरंच टाचणी पडल्यासारखी. पण ५० मीटरलाच १५-१६ सेंटिमीटर खाली, आणि गट विस्कटलेला. २० मीटरवर मुलीला शिकवायला ठेवतो, ती आवाजाला घाबरते.

फक्त 'स्टँडर्ड'च्या चार डब्या पडून आहेत, त्यांचं काय करू?

पीळदार

थंडी सरली की झाडा. फुकट कशाला घालवता?

गारठलेला_नेम

चारी डब्यांवर पेनाने '२० अंशांच्या वर' लिहून टाकलंय. थर्मामीटर रेंजच्या पिशवीत.